पियानोचं उंची बदलणारं स्टूल : घ्या, पण रेक्झिन बघून

लेक जेवणाच्या खुर्चीवर बसून पियानो वाजवायची, खांदे कानाला लागायचे. शेवटी हे घेतलं. बाजूच्या मुठी फिरवल्या की बैठक हळूहळू वर येते. कोपर पट्ट्यांच्या पातळीत आलं आणि खांदे उतरले. कॅनडाचा प्रसिद्ध पियानोवादक ग्लेन गूल्ड मात्र वडिलांनी पाय कापून दिलेल्या बुटक्या घडीच्या खुर्चीवरच वाजवायचा. १९६४ला त्याने मैफली सोडल्या, खुर्ची नाही! असो, आधी गूल्ड व्हावं लागतं.

दुकानाने ‘घरपोच’ म्हणून धूड जिन्याखालीच टाकलं. गिरगावातली चाळ, तिसरा मजला. शिवाय पावसाळ्यात रेक्झिन मांडीला चिकटतं. सासूबाईंनी गोधडी अंथरलीय. दिसतं गावठी, पण लेक तासभर उठत नाही.