फोरहँड: आधी भिंत की हातातून सोडलेला चेंडू?

टेनिसमध्ये फोरहँड, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायचा फटका, चेंडू पार अंगाशी आल्यावर मारणं, ही हौशी खेळाडूंची जुनी सवय. जळगाव-धुळ्यात जोडीदार नसला तरी ती मोडता येते: भिंतीवर, किंवा स्वतःच हातातून चेंडू सोडून.

भिंतीवरून चेंडू लगेच परततो. रॅकेट मागे न्यायला उशीर झाला की तीच चूक पक्की होते. हातातून सोडलेला चेंडू वेळ देतो. तो खांद्याच्या उंचीवरून, पुढच्या पायाच्या थोडा पुढे आणि अंगापासून बाजूला सोडा; उसळून वर आला की गाठा. फटक्यानंतरही नजर क्षणभर चेंडू रॅकेटला लागला तिथेच ठेवा. माझं मत ठाम आहे: आधी हेच. भिंत नंतर, तीही दोन टप्पे पडू देऊन.

मे महिन्यात पहाटेच खेळा. तापलेला चेंडू जास्त उसळतो आणि फटक्याची उंची बदलते.