लाँग-आर्म किट: आर्म उत्तम, क्रॉसमेंबर कामचलाऊ

उंच केलेल्या जीप चेरोकी एक्सजेला पुढच्या बाजूने लाँग-आर्म किट, म्हणजे एक्सलला बॉडीशी जोडणाऱ्या, मूळच्यापेक्षा लांब दांड्यांचा (कंट्रोल आर्मचा) संच, बसवून बरेच महिने उलटल्यावर, गाडीखाली शिरून ग्रीस भरत असताना क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) डाव्या टोकाला, कंट्रोल आर्मचा ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेला आहे त्याच्या अगदी कडेने, गंजाची लालसर रेघ दिसली. तारेच्या ब्रशने रंग खरवडल्यावर ती बोटभर लांबीची चीर निघाली. हा अनुभव त्या चिरेमुळे लिहीत आहे. ती नसती तर नुसते कौतुकच लिहिले असते, आणि त्यातले पुष्कळसे आजही मागे घेण्याचे कारण नाही.

मूळ लोअर आर्म जेमतेम 400 मिलिमीटर लांबीचा. गाडी 115 मिलिमीटर उचलली की, तो आधी आडवा होता असे धरल्यास, जवळजवळ 17 अंशांनी खाली कलतो, आणि मग चाक खड्ड्याच्या काठावर आदळल्यावर एक्सल वर जाता जाता पुढे, म्हणजे त्या काठाच्या दिशेनेच, सरकू पाहतो. तो धक्का थेट बॉडीत येतो. 850 मिलिमीटरचा आर्म तेवढ्याच लिफ्टला 8 अंशांच्या आत राहतो. तिथून चाक आणखी 100 मिलिमीटर खाली लोंबकळले, तर आखूड आर्म एक्सलला सुमारे 46 मिलिमीटर मागे ओढतो, लांब आर्म सुमारे 20. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक दगडगोट्यांच्या रस्त्यावर पहिल्या वळणातच कळतो: डॅशबोर्डची खडखड थांबते, स्टिअरिंग हातात शांत राहते आणि मागे बसणारे तक्रार करेनासे होतात. एवढ्यासाठी मोजलेल्या पैशांचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते क्रॉसमेंबरचे. मूळ गाडीत त्याचे काम गिअरबॉक्सचा मागचा भाग तोलून धरणे एवढेच असते. लाँग-आर्म किटमध्ये दोन्ही आर्मची मागची टोके त्याच्यावर येतात, आणि माझे किट रेडियस आर्म पद्धतीचे असल्यामुळे, म्हणजे अप्पर आर्म बॉडीला न जोडता लोअर आर्मलाच जोडलेला असल्यामुळे, एक्सलची सगळी पिळवट त्याच दोन टोकांवर उतरते. ब्रेक लावला की आर्मची मागची टोके क्रॉसमेंबरला वर ढकलतात, आणि चढणीवर पुढच्या चाकांना जोर दिला की खाली ओढतात. दिशा अशी सतत पालटणाऱ्या भाराखाली पोलाद थकते, आणि चीर पडते ती बहुधा वेल्डच्या कडेलाच. त्यात एक्सजेला स्वतंत्र चासी नाही. अमेरिकेत 1984 ते 2001 या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या या गाडीचे रेल म्हणजे बॉडीला जोडलेला दुमडलेला पत्राच, आणि सगळा भार शेवटी त्या पत्र्यात बसवलेल्या मोजक्या बोल्टांवर येतो.

उत्पादकाला छायाचित्रे पाठवली. उत्तर आले की ऑफ-रोड वापरामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. ऑफ-रोड म्हणून विकलेल्या किटबद्दल हे उत्तर मी दोनदा वाचले. त्यानंतरच्या पत्रव्यवहारात, जाड क्रॉसमेंबर वेगळा विकत मिळतो, असेही सुचवण्यात आले. त्याची किंमत पाहून मी तो विषय तिथेच सोडला आणि ओळखीच्या वेल्डरकडे गेलो.

सुरुवातीला माझा समज असा होता की पत्रा पातळ आहे, तेव्हा जाड पट्टी मारली की झाले. क्रॉसमेंबर काढून टेबलावर उलटा ठेवल्यावर मत बदलले. पत्रा 5 मिलिमीटरचा होता, कमी म्हणण्यासारखा नव्हता. पण आकार खालून उघडा होता. झाकण नसलेला पुठ्ठ्याचा खोका दोन्ही हातांनी पिळून पाहावा आणि मग झाकण चिकटवून तोच पुन्हा पिळावा, म्हणजे काय म्हणायचे आहे ते लक्षात येईल. चीर टोकापर्यंत ग्राइंड करून, तिच्या टोकाला भोक पाडून ती भरली, खालची बाजू पूर्ण लांबीत प्लेटने बंद केली आणि ब्रॅकेटच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या प्लेटा लावल्या, म्हणजे वेल्ड क्रॉसमेंबरला आडवा छेदून जात नाही आणि ताण तिरका पसरतो. रेलमध्ये बोल्टांभोवती नळीचे तुकडे घातल्यामुळे आता बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळता येतात. पूर्वी तसे केले की पत्रा आत दबत असे. क्रॉसमेंबर बोल्टवरच ठेवला आहे, कारण तो वेल्ड करून टाकला तर उद्या गिअरबॉक्स उतरवायचा कसा? बॅटरीच्या तारा काढून आणि इंधनाची नळी बाजूला घेऊनच रेलवर वेल्डिंग केले, तेही थोडेथोडे, कारण पातळ पत्रा तापला की वाकतो.

रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये टाकताना खालून येणारा ‘टक्’ असा आवाज या कामानंतर थांबला. असा आवाज प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या फिरत्या जॉइंटचा) असतो असे सरसकट सांगितले जाते. माझ्या गाडीत तो मोठ्या झालेल्या भोकांत सरकणाऱ्या क्रॉसमेंबरचा होता.

आता ग्रीस निपलविषयी, म्हणजे जॉइंटमध्ये ग्रीस भरण्याच्या तोटीविषयी. डाव्या आर्मच्या मागच्या जॉइंटचे निपल सरळ वर, गाडीच्या तळाकडे तोंड करून बसवलेले आहे, आणि मधल्या जागेत ग्रीस गनचे डोके जात नाही. ते गाठायचे तर आर्मचा बोल्ट काढा, आर्म खाली सोडा, ग्रीस भरा, पुन्हा जागेवर आणा आणि टॉर्क पान्याने आवळा. भोक पाडण्याआधी जॉइंटचे कवच थोडे फिरवले असते तर उत्पादकाला एका पैशाचाही जादा खर्च नव्हता. उजवीकडचे निपल व्यवस्थित खाली तोंड करून आहे, याचा अर्थ कोणीतरी एकाच आर्मचा आराखडा काढला आणि दुसऱ्या बाजूला तोच उलटवून दिला. चिरेपेक्षाही हे मला अधिक लागले, कारण चिरेला निदान थकव्याचे कारण तरी आहे. काटकोनी निपल लावून मी मार्ग काढला. ते किटसोबतच यायला हवे होते.

रेडियस आर्मबद्दलचे मतही थोडे मऊ झाले आहे. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की दोन्ही आर्म मिळून एक्सलच्या नळीलाच पिळू पाहतात, त्यामुळे चाकांची हालचाल थ्री-लिंकइतकी (एक्सल तीन वेगळ्या दांड्यांनी धरणाऱ्या मांडणीइतकी) मोकळी होत नाही, आणि खड्या चढणीवर गाडीचे नाक उचलल्यासारखे होते. तरीही भाग कमी, देखभाल कमी आणि किंमत कमी, म्हणून माझ्या वापराला ते चालते. लॉकनट (जोड सैल होऊ न देणारे नट) मात्र प्रत्येक खडतर फेरीनंतर तपासावेच लागतात, आणि पोटाखाली लोंबणारे आर्म उंचवट्यावर घासतात, ते वेगळेच.

नवे किट घेणाऱ्याने क्रॉसमेंबर गाडीला लावण्याआधीच टेबलावर ठेवून खालून बंद करून घ्यावा आणि ब्रॅकेटच्या मुळाशी प्लेटा मारून घ्याव्यात. सुट्या भागावर तासाभरात होणारे हे काम गाडीखालून भाग उतरवून करायला अख्खा दिवस जातो, आणि वेल्डर पैसे दिवसाचे घेतो.