पालिकेच्या हॉस्पिटलमधलं दिलासा केंद्र: आम्हाला आलेला अनुभव

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. हॉटेल, पार्लर, एसी रिपेअर सगळ्याचे रिव्ह्यू आपण वाचतो, पण मारहाण झालेल्या किंवा कुणीतरी फसवून कामाला आणलेल्या बाईला कुठे न्यायचं, तिथे माणसं कशी वागतात हे कोणी लिहीत नाही आणि ऐन वेळेला काहीच सुचत नाही. मला पण सुचलं नव्हतं. हॉस्पिटल कुठलं ते मी लिहिणार नाही, ज्या मुलीला घेऊन गेले तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मुंबई महानगरपालिकेच्या उपनगरातल्या एका हॉस्पिटलमधलं दिलासा केंद्र, म्हणजे मारहाण, छळ सोसणाऱ्या बायकांना मदत करणारी खोली, एवढं पुरे.

आमच्या मजल्यावर एका घरात २४ तासांची, म्हणजे घरीच राहून घरकाम करणारी मुलगी होती. झारखंडची, एकोणीस वर्षांची. गावाकडच्या ओळखीतल्या एका बाईने "मुंबईत चांगलं काम देते" म्हणून आणलेली, मग एका प्लेसमेंटवाल्याकडे दिलेली आणि त्याने या घरात ठेवलेली. पगार एजंटकडे जमा होतोय असं तिला सांगायचे, आधार कार्ड मालकिणीच्या कपाटात, फोन नाही. हे सगळं नंतर कळलं. मला फक्त रोज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणारी एक गप्प मुलगी दिसायची. अकरा महिने दिसायची आणि मी एकदाही तिचं नाव विचारलं नाही, ते मला आजही लागतं.

एक दिवस ती पार्सल घ्यायला खाली आली तेव्हा वॉचमन काकांनी तिचा हात बघितला आणि मला इंटरकॉम केला की ताई जरा खाली या. मनगटाच्या वर भाजलेलं, पाणी सुटलेलं, दोन-तीन दिवस जुनं. विचारलं तर "मेरा ही हाथ लगा इस्त्री को". काकाच म्हणाले, आत्ता घेऊन जा, मी बघतो इकडे. तशीच रिक्षा केली.

कॅज्युअल्टीत गर्दी होती, डॉक्टरांनी विचारलं कशाने भाजलं, ती परत तेच बोलली, ड्रेसिंगला पाठवलं. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने बाही वर केली तर आत जुने डाग. सिस्टर काहीही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या जरा बाहेर थांबा, आणि पाच मिनिटांनी येऊन हळू आवाजात म्हणाल्या की आपल्याकडेच दिलासाची खोली आहे, घरी जायच्या आधी तिथे जाऊन या, मी सांगते त्यांना. त्या सिस्टरसाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. दिलासाचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं. बाई "मला मारतात" म्हणून येत नाही, ती भाजलं म्हणून येते, पडले म्हणून येते, झोप लागत नाही म्हणून येते, आणि समोरच्या सिस्टरने ते ओळखायचं असतं. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० साली पालिकेने आणि सेहत या संस्थेने मिळून पहिलं दिलासा सुरू केलं ते याच विचाराने, कारण पोलीस स्टेशनची पायरी चढायला बाई घाबरते पण हॉस्पिटलला जाते म्हटलं की घरचे पण अडवत नाहीत. पुढे पालिकेने उपनगरातल्या आणखी काही हॉस्पिटलांमध्येही अशी केंद्रं काढली.

खोली साधी. टेबल, कपाट, तीन खुर्च्या, दार बंद होतं एवढं महत्त्वाचं. समुपदेशक मॅडमनी आधी तिला पाणी दिलं, खाल्लंय का विचारलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. मला रागच आला. मी आणलं, रिक्षाचे पैसे मी दिले आणि मलाच बाहेर? पाऊण तास बाहेर बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी त्या घराची शेजारीण आहे, मी कोणाच्या बाजूची हे त्या मुलीला काय माहीत? तिच्या दृष्टीने मी पण बिल्डिंगवालीच. माझ्यासमोर ती बोललीच नसती.

बाहेर आल्या तेव्हा मॅडम मला फक्त एवढंच म्हणाल्या की तिने तुम्हाला सांगायला परवानगी दिलीय तेवढंच सांगते. हे मला फार आवडलं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिला काय पाहिजे हे त्यांनी तिलाच विचारलं होतं. मी पोलीस पोलीस करत होते. तिला पाहिजे होतं आईशी फोनवर बोलायचं, आधार कार्ड आणि पगार. त्या क्रमाने. आईला फोन तिथूनच लावून दिला, गावातल्या दुकानदाराचा नंबर तिला पाठ होता.

मग प्रश्न आला रात्रीचा. त्या घरात परत पाठवणं शक्य नव्हतं, माझ्याकडे ठेवायचं तर समोरचंच दार. मॅडमनी डॉक्टरांशी बोलून तिला वॉर्डात निरीक्षणाखाली दाखल करून घेतलं, तिला पोट भरून जेवण आणि दाराला कडी नसलेली झोप मिळाली. हॉस्पिटलमध्ये केंद्र असण्याचा हा केवढा मोठा फायदा आहे, बेड तिथेच असतो. तिच्या मालकिणीचा मला दहा वेळा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.

केसपेपरबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. आधी त्यावर नुसतं "भाजल्याची जखम" असं होतं. आता ती खरं सांगायला तयार झाली तेव्हा समुपदेशक तिला परत डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि तिच्या शब्दांत लिहून घेतलं, की मालकिणीने तापलेली इस्त्री लावली, कधी लावली, जुने डाग कुठे कुठे आहेत. एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, झाली. दोन दिवसांनी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो (ते कुठलं तेही नको) तिथे ड्युटीवरचे साहेब म्हणत होते एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घेतो, घरातलं मॅटर आहे, पगाराचं आम्ही बोलतो, मिटवून टाका. सोबत आलेल्या समुपदेशकांनी आवाज न चढवता केसपेपर पुढे ठेवला. तापलेल्या वस्तूने इजा केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ लागतं आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, एनसीवर भागत नाही. तरी चार तास बसवलं. पण एफआयआर झाला. तो कागद नसता तर आम्ही हात हलवत परत आलो असतो हे मी लिहून देते.

मला स्वतःला माहीत नसलेल्या दोन गोष्टी तिथे कळल्या. मला वाटायचं घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा लागेल, घरातच झालंय ना. पण तो नात्यातल्या बाईसाठी आहे, बायको, आई, बहीण, लग्नासारख्या नात्यात राहणारी. घरकामगार मुलीला मालकिणीविरुद्ध तो लागत नाही. आणि तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कामाठीपुरा येतो, पण फसवून किंवा दबावाने आणून कोणाला गुलामासारखं राबवलं तरी ती मानवी तस्करीच, त्याच संहितेचं कलम १४३, आणि ती स्वतःच्या मर्जीने गाडीत बसली होती म्हणून गुन्हा कमी होत नाही. हे कलम नंतर वकिलांनी लावून घेतलं. वकील फुकट मिळाले, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तस्करी किंवा वेठबिगारीत सापडलेल्या माणसाचा तर विधी सेवेच्या १९८७ च्या कायद्यात वेगळा उल्लेख आहे. त्यांचा नंबर १५१००.

आता जे खटकलं ते पण लिहिते. वॉर्डातून तिला ज्या निवारागृहात पाठवलं तिथे पहिल्याच दिवशी गेटच्या आत गेल्यावर बाहेर जायची बंदी. आम्ही घेऊन दिलेला साधा फोन काढून घेतला, आईशी बोलायचं तर आठवड्यातून एकदा, तेही ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर. नियम सुरक्षेसाठी असतील, पण अकरा महिने कोंडलेल्या मुलीला परत कुलूप लावायचं आणि म्हणायचं तुझी सुटका झाली? सज्ञान मुलगी आहे ती. ती मला म्हणाली, दीदी, यहाँ मार नहीं पड़ती, बस. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दिलासाच्या मॅडम तिथे दोनदा जाऊन आल्या, बोलल्या, तेव्हा फोनचं थोडं सैल झालं. तीन आठवड्यांनी आई आणि मामा आले आणि ती गावी गेली.

आणखी एक, हॉस्पिटलमध्ये केंद्राचा बोर्ड मला सिस्टरने सांगेपर्यंत दिसलाच नव्हता. मी त्याच हॉस्पिटलला आईला घेऊन कितीतरी वेळा गेलेय. केसपेपरच्या खिडकीवर, बायकांच्या बाथरूमच्या दारावर आतून, अशा ठिकाणी मराठी-हिंदीत चिकटवा ना.

सध्या काय, तर केस चालू आहे. अकरा महिन्यांपैकी सात महिन्यांचा पगार मिळाला, बाकीचा एजंट देत नाही. समुपदेशकांचा तिला अजून महिन्यातून एकदा फोन असतो, नुसती हालहवाल. समोरच्या घराने माझ्याशी बोलणं सोडलंय, सोसायटीच्या ग्रुपवर पण दोघं-तिघं म्हणाले की दुसऱ्याच्या घरात कशाला पडायचं. पडायचं. वॉचमन काका पडले म्हणून ती आज आईजवळ आहे.

रेटिंग विचाराल तर दिलासाला पाचपैकी पाच, त्या सिस्टरला त्याहून जास्त. पैसे एक रुपया नाही घेतला कोणी. जाताना बाईचा एखादा कागद मिळाला तर घ्या, नाही मिळाला तरी जा, आमच्याकडे काहीच नव्हतं. एका तासात उरकेल असं धरून जाऊ नका, अख्खा दिवस मोकळा ठेवा. तिला एकटीला बोलू द्या. जवळ असं हॉस्पिटल नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन लावा, जिल्ह्यातल्या सखी वन स्टॉप सेंटरचा (अशाच बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पत्ता मिळतो, आत्ता जिवाला धोका असेल तर सरळ ११२, अठराच्या आतली मुलगी असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८. आणि आमच्यासारख्या पालिकेच्या हॉस्पिटलला गेलात आणि बोर्ड दिसला नाही तर कोणत्याही सिस्टरला "दिलासा कुठे" एवढंच विचारा, कारण सांगत बसायची गरज नाही, त्या घेऊन जातात.