तेविसावी जागा: वेव्हरवरून उचलावा, सौदा करावा की घरचाच पोरगा ठेवावा?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ३२ संघांवर एकाच वेळी कात्री चालते. हंगामापूर्वीच्या सराव कॅम्पला पन्नास-साठ जण आलेले असतात आणि हंगामाच्या तोंडावर यादीत जास्तीत जास्त २३ उरावे लागतात. २०२५ मध्ये ही शेवटची घटका होती सोमवार, ६ ऑक्टोबर, न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळी ५ वाजता. त्याआधीचे चार-पाच दिवस रोज दुपारी २ वाजता वेव्हरची यादी येते, म्हणजे पुण्या-मुंबईत रात्रीचे साडेअकरा. या यादीत दुसऱ्या संघांनी नाइलाजाने सोडलेले खेळाडू असतात आणि त्यांच्या बदल्यात कुणी द्यावं लागत नाही.

म्हणूनच चाहत्यांचा पहिला प्रश्न असतो, “फुकट मिळतोय, मग आपला संघ उचलत का नाही?” तो फुकट मिळत नाही, हे त्याचं उत्तर. वेव्हरवरच्या खेळाडूची किंमत तेविसाव्या जागेने चुकवावी लागते, आणि ती जागा ऑक्टोबरमध्ये पैशांपेक्षा महाग असते. ती भरायचे चार मार्ग आहेत: वेव्हरवर दावा, दुसऱ्या संघाशी सौदा, ट्रायआउटवर (चाचणीसाठी) आलेला बिनकराराचा अनुभवी, किंवा घरचा नवखा. आमचा कौल आधीच सांगतो. गोलरक्षकाची जागा अडली असेल तर वेव्हर. चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी मिनिटं मिळणाऱ्या फळीतला आघाडीपटू हवा असेल तर वेव्हर, पण वेग पाहून. रोज वीस मिनिटं बर्फावर उभा राहील असा बचावपटू हवा असेल तर सौदा. आणि नेमकी गरज सांगता येत नसेल तर घरचा पोरगा.

वेव्हर: नियम कुठे चावतात

अनुभवी खेळाडूला एएचएलमध्ये, म्हणजे खालच्या पायरीच्या लीगमध्ये पाठवायचं तर त्याला आधी २४ तास बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवावं लागतं. एकाहून अधिक संघांनी दावा केला तर गेल्या हंगामात गुणतक्त्यात जो सर्वांत खाली होता त्याला तो मिळतो. ही रांग १ नोव्हेंबरपर्यंत चालते, मग चालू हंगामाचा तक्ता लागू होतो. फँटसी लीगमध्ये (चाहत्यांच्या काल्पनिक संघांच्या खेळात) एकदा दावा केला की तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. एनएचएलमध्ये तसं नाही. २०२४-२५ मध्ये सॅन होजे शार्क्स तळाला होते, म्हणून २०२५ चा अख्खा ऑक्टोबर रोज पहिला नंबर त्यांचाच होता, कितीही जणांना उचललं तरी.

दावा लागला की खेळाडूचा करार जसाच्या तसा येतो: पगार, कॅपवरचा (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या कमाल मर्यादेवरचा) बोजा, उरलेली वर्षं, सगळं. एका संघाला जास्तीत जास्त ५० करार करता येतात, त्यांपैकी एक त्यात जातो, म्हणजे ५० आधीच भरले असतील तर विषय संपला. त्याला पुढे खाली पाठवायचं ठरवलं तर पुन्हा वेव्हरवर ठेवावं लागतं. त्याच हंगामात त्याचा सौदा करायचा असेल, तर त्या वेळी ज्यांनी दावा केला होता आणि ज्यांच्या हाती तो लागला नाही, त्यांना आधी विचारावं लागतं. थोडक्यात, उचललेला खेळाडू साठवून ठेवता येत नाही. एक तर खेळवायचा, नाही तर गमवायचा.

सगळ्यांत मोठी फसगत वेळेची होते. समजा, रविवारी दुपारी २ वाजता यादी आली आणि त्यात तुम्हाला हवा तसा सेंटर (फळीतला मधला आघाडीपटू) दिसला. दावा करायला सोमवारी २ वाजेपर्यंत मुदत, निकालही तेव्हाच, आणि ५ वाजता अंतिम यादी द्यायची. हातात तीन तास. सेंटर मिळाला तर तुमच्याकडे चोविसावा माणूस झाला. त्याच्यासाठी ज्याला खाली पाठवाल त्याला वेव्हर लागत असेल, तर त्याचं नाव रविवारी २ वाजण्याआधीच जायला हवं होतं, म्हणजे यादीत कोण येणार हे कळण्याआधीच. तीन तासांत ते होत नाही. सुटका दोनच: वेव्हरमधून सूट असलेला एखादा नवखा, किंवा खरोखर जायबंदी असलेला खेळाडू. त्याला इंज्युअर्ड रिझर्व्हवर (जायबंदींच्या वेगळ्या यादीत) टाकलं तर जागा मोकळी होते, पण कॅपमध्ये एक डॉलरही वाचत नाही. ज्या संघाच्या यादीत सूट असलेला एकही खेळाडू नाही, त्याच्यासाठी शेवटच्या दिवसाची यादी नुसती बघण्यापुरती.

पैशांचा हिशेब २०२५-२६ च्या आकड्यांत पाहा. कॅप ९ कोटी ५५ लाख डॉलर, किमान पगार ७,७५,०००. एएचएलमध्ये पाठवलेल्या खेळाडूचे किमान पगार अधिक ३,७५,००० एवढेच, म्हणजे ११ लाख ५० हजार डॉलर, कॅपमधून सुटतात. वरची रक्कम मानगुटीवर राहते. २० लाखांचा खेळाडू खाली गेला तरी साडेआठ लाख कॅपवरच बसतात. म्हणून त्याचा जुना संघ त्याला कुणी उचलावं याचीच वाट पाहत असतो. यादीतला आकडा ११ लाख ५० हजारांच्या वर असेल तर दोनदा विचार करा, कारण प्रयोग फसला तर ती शिल्लक तुमच्या खात्यात येईल.

गोलरक्षक: दावा इथेच सर्वाधिक फळतो

गोलरक्षकाची जागा रिकामी ठेवता येत नाही. एखादा विंगर (कडेचा आघाडीपटू) जायबंदी झाला तर बाकीच्यांत मिनिटं वाटून घेता येतात, जाळ्यात मात्र कुणीतरी उभं राहावंच लागतं. दुसरीकडे तीन गोलरक्षक ठेवणंही परवडत नाही, कारण सरावात दोनच जाळी असतात आणि तिसऱ्याला पुरेसे फटके झेलायला मिळत नाहीत. त्यामुळे दरवर्षी चांगले गोलरक्षक या यादीत येतात.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये टोरंटोने कर्टिस मॅकेलहिनी आणि कॅल्व्हिन पिकार्ड या दोघांना वेव्हरवर ठेवलं आणि एकाच दिवशी दोघेही गमावले. मॅकेलहिनी कॅरोलायनाला गेला, पिकार्ड फिलाडेल्फियाला. मॅकेलहिनीने त्या हंगामात कॅरोलायनाला २० विजय मिळवून दिले. प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत पहिला गोलरक्षक जायबंदी झाल्यावर पस्तिशीतला हा माणूस जाळ्यात उतरला आणि संघ कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. टोरंटोची चूक समजून घेण्यासारखी आहे. सगळेच संघ आपापल्या कात्रीत अडकलेले असताना कुणी गोलरक्षक उचलणार नाही, असा अंदाज बांधायचा नसतो. एखाद्या संघाला त्याच आठवड्यात दुखापतीचा फटका बसलेला असतोच.

कॅरोलायनाने हीच खेळी ४-५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा केली. त्यांचा गोलरक्षक पीटर कोचेत्कोव्ह जायबंदी होता. फ्लोरिडाने ब्रँडन बुसीला वेव्हरवर ठेवलं. तो ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणी न निवडलेला, सत्तावीस वर्षांचा, तोवर एनएचएलचा एकही सामना न खेळलेला गोलरक्षक होता आणि पगार किमान. आदल्या हंगामात कॅरोलायनाचे ९९ गुण होते, म्हणजे रांगेत त्यांच्यापुढे वीसहून जास्त संघ होते आणि त्यांतल्या एकानेही हात पुढे केला नाही. पुढे बुसी संघाचा दुसरा गोलरक्षक फ्रेडरिक अँडरसनच्या खांद्याला खांदा लावून सामने जिंकून देऊ लागला. गोलरक्षक कॉनर इंग्रमची गोष्टही अशीच. नॅशव्हिलने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सोडला, अ‍ॅरिझोनाने उचलला आणि २०२३-२४ मध्ये त्याने सहा सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. त्या वर्षी चिकाटी आणि निष्ठेसाठी दिली जाणारी मास्टर्टन ट्रॉफीही त्याचीच.

तात्पुरती सोय म्हणूनही गोलरक्षक उचलता येतो. २०२४ मध्ये बॉस्टनचा गोलरक्षक जेरेमी स्वेमनचा करार रखडला तेव्हा बॉस्टनने व्हँकुव्हरचा यिरी पातेरा उचलला. स्वेमनने सही केल्यावर त्याला पुन्हा वेव्हरवर ठेवलं आणि व्हँकुव्हरने परत घेतला. इथला नियम लक्षात ठेवा. त्याच हंगामात मूळ संघाने परत दावा केला आणि दुसरा कुणी दावेदार नसेल, तर तो संघ खेळाडूला थेट एएचएलमध्ये पाठवू शकतो. बॉस्टनचं काम काही दिवसांत भागलं आणि व्हँकुव्हरचंही काही गेलं नाही.

आघाडीपटू आणि बचावपटू: तोल बदलतो

२०१० मध्ये फ्लोरिडाने मायकेल ग्रॅबनरला सोडलं, न्यूयॉर्क आयलंडर्सनी उचललं आणि त्याच हंगामात त्याने ३४ गोल केले. २०१५ मध्ये कॅलगरीने पॉल बायरनला सोडलं. माँट्रियलमध्ये तो पुढे सलग दोन हंगामांत २२ आणि २० गोलांपर्यंत गेला. दोघांत समान धागा वेगाचा. ग्रॅबनरने २०११ च्या ऑल-स्टार वीकेंडला सर्वांत वेगवान स्केटरची स्पर्धा जिंकली होती. वेग असलेला आघाडीपटू नव्या संघाची पद्धत अंगवळणी पडण्याआधीच उपयोगी पडतो: पेनल्टी किलिंगमध्ये (शिक्षेमुळे एक खेळाडू कमी असताना बचाव करण्यात), निसटून जाण्यात, प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला मागे रेटण्यात. जो केवळ सराव सामन्यांतल्या गुणांमुळे (गोल आणि गोलसाहाय्यांमुळे) नजरेत भरला त्याच्याबाबत सावध राहा. सप्टेंबरमधले बरेच गुण एएचएलला जाणाऱ्या बचावपटूंविरुद्ध मिळालेले असतात.

कोल श्विंटसारखे चौथ्या फळीतले सेंटर याच वाटेने फिरत राहतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलगरीहून वेगास, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वेगासहून फ्लोरिडा, दोन्ही वेळा वेव्हरवरूनच. फेसऑफ (खेळ सुरू करताना चकतीसाठीची झुंज) घेणारा, स्वस्त आणि रोज दहा मिनिटं चुका न करणारा खेळाडू हवा असेल तर त्यासाठी ड्राफ्टची निवड खर्च करण्याचं कारण नाही.

बचावपटूचं गणित अवघड. तो साथीदाराबरोबर घडतो आणि त्याला मिनिटं लागतात. कॅलगरीचा २०१७ चा पहिल्या फेरीतली निवड असलेला बचावपटू युसो व्हॅलिमाकी २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनाने उचलला आणि त्याने ३४ गुण मिळवले. पण अ‍ॅरिझोनाची बचावफळी तेव्हा इतकी पातळ होती की त्याला पॉवर-प्लेसकट (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू कमी असतानाच्या खेळासकट) भरपूर वेळ मिळाला. जेतेपदाच्या शर्यतीतल्या संघात तोच खेळाडू सातवा बचावपटू म्हणून प्रेक्षकांत बसला असता. तुमच्या संघात त्याला मिनिटं आहेत का, हे आधी मोजा.

सीमेपलीकडून उचलताना आणखी एक गोष्ट, जी मराठी घरांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही: व्हिसा. कॅनडातल्या संघातून अमेरिकेतल्या संघात, किंवा उलट, जाणाऱ्या खेळाडूची कामाच्या परवानगीची कागदपत्रं व्हायला काही दिवस जाऊ शकतात. पहिल्या सामन्यासाठीच माणूस हवा असेल तर आपल्याच देशातल्या संघाकडून येणाऱ्याला झुकतं माप द्या.

सौदा केव्हा बरा

सौद्यात ड्राफ्टची निवड किंवा खेळाडू जातो, पण दोन गोष्टी मिळतात. पहिली, तुम्ही रांग ओलांडता. गेल्या वर्षी शंभर गुण मिळवलेल्या संघापर्यंत चांगला खेळाडू वेव्हरवर सहसा पोचत नाही. मग तो यादीत येण्याआधीच उशिराच्या फेरीतली निवड देऊन उचलणं शहाणपणाचं. दुसरी, पगार वाटून घेता येतो. विकणारा संघ ५० टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त तीन करारांवर. वेव्हरवर पूर्ण २० लाखांना येणारा खेळाडू सौद्यात १० लाखांना बसतो, आणि खाली पाठवावा लागला तरी ११ लाख ५० हजारांच्या आत असल्याने कॅप पूर्ण सुटते. पण खाली पाठवताना वेव्हर इथेही चुकत नाही.

ट्रायआउट

बिनकराराचा अनुभवी तुमच्याच कॅम्पमध्ये, तुमच्याच प्रशिक्षकासमोर काही आठवडे खेळतो आणि सही होईपर्यंत ५० करारांत मोजला जात नाही. २०१८ मध्ये एडमंटनला ट्रायआउटवर आलेल्या अ‍ॅलेक्स चियासनने २२ गोल केले. खोड एकच, सही होईपर्यंत दुसरा कुणीही त्याला करार देऊ शकतो.

घरचा नवखा

याचं मोल कागदावर दिसत नाही. अठराव्या वर्षी करार केलेला खेळाडू पाच वर्षं किंवा १६० सामने, जे आधी येईल तोवर, वेव्हरमुक्त असतो. गोलरक्षक सहा वर्षं किंवा ८० सामने. वय वाढेल तशी सूट आखडत जाते, पंचविशीनंतर जेमतेम एक वर्ष. अठरा-एकोणिसाव्या वर्षी करार केलेला आघाडीपटू किंवा बचावपटू एखाद्या हंगामात ११ सामने खेळला, तर ते आणि पुढची दोन अशी तीनच वर्षं उरतात. म्हणून प्रत्येकाची सामन्यांची मोजणी लिहून ठेवा. १५५ सामने झालेला खेळाडू ऑक्टोबरमध्ये मोकळा असतो आणि नोव्हेंबरमध्ये अडकतो.

मोकळ्या खेळाडूला वेव्हरशिवाय खाली पाठवता येतं आणि पुन्हा वर आणता येतं. हंगामाचे दिवस सुमारे १९० धरले तर किमान पगाराचा माणूस एक दिवस यादीबाहेर राहिला की साधारण ४,००० डॉलर कॅप वाचते. कॅपच्या काठावर चालणारे संघ असेच थेंबे थेंबे साठवतात आणि मार्चमध्ये मोठा सौदा करतात. वेव्हरवरून आणलेला खेळाडू ही सोय बंद करतो. तेव्हा त्याने घरच्या नवख्यापेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही, उघड दिसेल इतकं बरं खेळावं लागतं.

उलट बाजूने, तुम्हीच कुणाला खाली पाठवणार असाल तर शेवटच्या दोन दिवसांच्या गर्दीआधी, आठवडाभर आधी ठेवा. तेव्हा बाकीच्यांचीही यादी फुगलेली असते आणि त्यांच्या दुखापतींचं चित्र स्पष्ट नसतं. एकदा तो कुणी न उचलता सुटला की पुढे दहा सामने खेळेपर्यंत किंवा एनएचएलच्या यादीत एकूण तीस दिवस भरेपर्यंत त्याला पुन्हा वेव्हर लागत नाही. आणि गेलाच तर त्याच्या नव्या संघाच्या यादीवर रोज साडेअकराला नजर ठेवा. २००५ मध्ये अनाहाइमने आघाडीपटू ख्रिस कुनिट्झ असाच अटलांटाला गमावला होता. दोन आठवड्यांत तो पुन्हा वेव्हरवर आला, अनाहाइमने परत घेतला आणि २००७ मध्ये त्यांनी लीगचं जेतेपद, म्हणजे स्टॅनले कप जिंकला तेव्हा तो संघात होता.