'डार्क': योनास-मार्थावरून भांडण्याआधी वंशावळ काढा

मालिका पूर्ण पाहिली नसेल तर इथंच थांबा. कोण मरतं, कोण उरतं, कोण कुणाचं कोण लागतं, सगळं खाली उघड केलेलं आहे.

नेटफ्लिक्सवरची ही काळप्रवासाची जर्मन मालिका २०१७, २०१९ आणि २०२० अशा तीन सीझनमध्ये आली. भाग १०, ८ आणि ८, एकूण २६. तिसरा सीझन आला २७ जून २०२० ला, म्हणजे कथेत जगाचा अंत ज्या दिवशी होतो नेमक्या त्याच दिवशी. एवढी वर्षं झाली तरी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या होस्टेलवर किंवा संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या टपरीवर विषय काढून बघा, दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढं सगळं सोसलं तर शेवटी योनास आणि मार्था या जोडीला एकत्र ठेवायला काय झालं होतं? दुसरा म्हणतो, सख्ख्या आत्यावर कामून जीव टाकायचा, मिटवलं तेच बरं झालं.

दोन्ही बाजू अर्ध्या माहितीवर भांडतात. या मालिकेत प्रेम कुणाचं जुळलं यापेक्षा कोण कुणाच्या पोटी आलं, याला जास्त किंमत आहे. आणि तो हिशोब तोंडी लागत नाही, कागद घ्यावाच लागतो. कुणबी नोंदींच्या निमित्तानं मराठवाड्यात घरोघरी वंशावळी काढून झाल्यात. तीच सवय इथं कामाला येते.

फुलस्केप आडवा धरा. वर सालांचे रकाने: १८८८, १९२१, १९५३, १९८६, २०१९, २०५२. डाव्या बाजूला घराणी चार: कानवाल्ड, नीलसन, डॉपलर, टीडमान. रक्ताचं नातं सरळ रेघेनं, लग्न किंवा लफडं तुटक रेघेनं. पेन्सिलच वापरा, कारण ट्रोंटे नीलसनचा बाप आणि रेगीना टीडमानचा बाप या दोन जागा तिसऱ्या सीझनपर्यंत रिकाम्या ठेवाव्या लागतात. घाईनं भरल्या की सगळं खोडत बसाल. बहुतेकांची आणखी एक गफलत होते. पहिल्या सीझनमध्ये १९५३-१९८६-२०१९ अशी ३३ वर्षांची साखळी आहे, दुसऱ्यात ती १९५४-१९८७-२०२० होते. साल चुकलेलं नसतं, सगळेच काळ आपापल्या जागी पुढे सरकत असतात.

आता मूळ तंटा. २०१९ मध्ये हरवलेला छोटा मिकेल १९८६ मध्ये पोहोचतो, तिथंच वाढतो, मायकेल कानवाल्ड या नावानं हानाशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा म्हणजे योनास. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात हे कळतं. मिकेल हा मार्थाचा धाकटा भाऊ, म्हणून ती योनासची आत्या. बहुतेक लोक इथंच 'छी' म्हणून थांबतात. पण खरी गाठ पुढे आहे. योनास आणि दुसऱ्या, समांतर जगातली मार्था यांचा बिननावाचा मुलगा म्हणजे ट्रोंटेचा बाप. ट्रोंटेचा मुलगा उलरिख, उलरिखची मुलं मार्था आणि मिकेल. म्हणजे स्वतःच्या पोटचा पोर मार्थाचा पणजोबा आणि योनासचा खापरपणजोबा लागतो. हे प्रेम झालं नाही तर नीलसन घराणंच जन्माला येत नाही, आणि झालं तर काळाचं चक्र सुटत नाही. दोघांना एकत्र ठेवा म्हणणाऱ्यांनी ही एक रेघ ओढून पाहावी.

अर्थात, एकत्र ठेवा म्हणणाऱ्यांची एक तक्रार रास्त आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी म्हातारा योनास, म्हणजे अ‍ॅडम, मार्थाला गोळी घालतो आणि लगेच दुसऱ्या जगातली मार्था हजर होते. कपाळावर झिपऱ्या असतील तर ती दुसरी, एवढी खूण लक्षात ठेवा. पहिल्या मार्थाचं आणि योनासचं नातं दोन सीझन मुरलेलं आहे. तळ्याकाठच्या भागात तर ते पुरतं पटतं. दुसरीच्या जगात योनास जन्मलेलाच नाही. तिनं त्याच्यात गुंतावं यासाठी पटकथा पुरेसा वेळच देत नाही. तिसरा सीझन घाईचा वाटतो तो तीन जगांमुळे नव्हे, या कच्च्या जागेमुळे.

ते तळं नीट बघा. तिथल्या वाळूत सापडलेलं सेंट ख्रिस्तोफरचं पदक योनास-मार्थाच्या प्रेमाची खूण होऊन बसतं. ते तिथं आलं कुठून? १९८७ मध्ये कातारीना नवऱ्याला, उलरिखला, वेड्यांच्या इस्पितळातून सोडवायला येते. तिथली नर्स हेलेन म्हणजे तिचीच आई, पण समोरची बाई आपली पोरगी आहे हे हेलेनला ठाऊक नाही. तळ्याकाठी झटापट होते, आई दगडानं लेकीचा जीव घेते आणि आईच्याच गळ्यातलं पदक वाळूत पडतं. मार्था ही कातारीनाचीच मुलगी. आज्जीनं आईला मारलं त्या जागेवरची वस्तू नातीला प्रेमाची भेट म्हणून मिळते. योनास-मार्थाच्या कुठल्याही चुंबनापेक्षा लेखकांचं कसब या एका पदकात जास्त दिसतं.

कातारीनाच्या मरणावर मात्र बहुतेक प्रेक्षक चिडतात, आणि चिडावंच. नवरा बाहेरख्याली, एक पोर हरवलेलं, तरी सगळ्यांना शोधायला एकटी निघालेली ही बाई. उलरिखनं लहान हेल्गेच्या डोक्यात दगड घातला, त्याची शिक्षा त्याला १९५३ पासून मिळते. त्यात तर्क आहे. कातारीनाच्या वाट्याला आलं ते निव्वळ नशीब. हानाला लोक शिव्या घालतात, कारण १९५४ मध्ये उलरिखला सोडवणं तिच्या हातात असताना ती पाठ फिरवून जाते. मालिकेतला सगळ्यात क्रूर प्रसंग तोच, तिथं रक्ताचा थेंबही नाही.

काळप्रवासी पाद्री नोआ आणि एलिझाबेथ डॉपलर यांच्याबद्दल इतकं कमी का बोललं जातं, कळत नाही. त्यांची मुलगी शार्लोट, आणि शार्लोटची मुलगी पुन्हा एलिझाबेथ. दोघी एकमेकींच्या आई आणि लेक. कागदावर इथं गोल काढायचा, रेघ चालत नाही. पळवून नेलेल्या मुलीसाठी नोआनं सगळं आयुष्य घालवलं, आणि या चक्रात सच्चा संसार म्हणावा असा तेवढा एकच.

शेवटच्या भागाचा हिशोब चोख आहे. घड्याळजी टॅनहाउसचा मुलगा, सून आणि नात १९७१ मध्ये मोटार अपघातात जातात. त्यांना परत आणायला तो १९८६ मध्ये यंत्र चालवतो आणि मूळ जगाची दोन जगं होतात. योनास आणि मार्था तो अपघात टाळतात, म्हणजे स्वतःलाच पुसतात. शेवटच्या जेवणाच्या टेबलावर रेगीना, कातारीना, हाना, पीटर, बेनी आणि पोलीस वोलर. वंशावळीत ज्यांची रेघ त्या बिननावाच्या मुलाकडे किंवा शार्लोटच्या गोलाकडे जाते, त्यातलं कुणी तिथं नाही. रेगीना उरते, कारण तिचा बाप ट्रोंटे नसून बेर्न्ट डॉपलर. मग तिचा मुलगा बार्तोश का नाही? उलरिख आणि कातारीना रेगीनाला छळत असताना पुढे तिचा नवरा झालेला अलेक्झांडर मधे पडला, तिथून त्यांचं जुळलं. उलरिखच नसेल तर ती भेट कशी व्हायची?

पाहायची असेल तर १४९ रुपयांच्या मोबाइल प्लॅनवर नको. त्यात ४८० पिक्सेलच मिळतात, आणि गुहा, पाऊस, बंकर असले अंधारे प्रसंग फोनवर नुसते काळे दिसतात. कपाळावरच्या झिपऱ्याही ओळखू येत नाहीत. मोठा पडदा, ऑडिओ जर्मन, सबटायटल इंग्रजी. इंग्रजी डबमध्ये ओठ आणि आवाज जुळत नाहीत, वर भावना सपाट होतात. बहुतेक भाग पाऊण ते एक तासाचे आहेत. एका बैठकीत दोनच बघा, मधे कागद भरा. पहिला सीझन झाल्यावर महिनाभर खंड पडला तर पाचवा आणि दहावा भाग पुन्हा पाहूनच पुढे जा.

एक उधारी मात्र राहिलीच. वोलरच्या डोळ्याला काय झालं, हे तो सांगायला तोंड उघडतो आणि दर वेळी कुणीतरी मधे येतं. दुसऱ्या जगात डोळा बरा, तर हात नाही. शेवटच्या जेवणाच्या टेबलावरही सांगायला जातो आणि लाइट जाते.