सप्लाय चेन शिकायचंय: बारावीनंतर बीबीए, की बी.कॉम. करून मग एमबीए?

"मामा, सप्लाय चेन घेऊ का?" भाचीनं विचारलं तेव्हा आम्ही रत्नागिरीला बागेत पेट्या भरत होतो. तिची बारावी पुढच्या वर्षी. आंबा चौदा आणे, म्हणजे सोळातला चौदा इतका तयार, झाला की उतरवायचा, पेंढ्यात बसवायचा, उरलेले दोन आणे वाटेत आणि आढीत. गाडी महामार्गावर दिवसभर अडकली की वाशीला पेटी उघडताना डाग दिसतात आणि भाव पडतो. अमेरिकेला जाणाऱ्या फळाला विकिरण (किडीसाठी किरणांची प्रक्रिया) लागतं, म्हणजे आणखी एक तारीख सांभाळायची. हे सगळं जुळवण्याचंच ते शिक्षण, असं तिला सांगितलं.

बीबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, सप्लाय चेन घेऊन केलं तर गोदाम, साठा, वाहतूक, निर्यातीची कागदपत्रं पहिल्या वर्षापासून कानावर पडतात. एआयसीटीई (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या बीबीएला २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, तिचा अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचा असतो. अशी कॉलेजं बहुतेक नवी मुंबई-पुण्याकडे, म्हणजे राहण्याचा खर्च आला. काही ठिकाणी विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप असते. ती नसेल तर मी तिथे पैसे घालायला सांगणार नाही.

बी.कॉम. घरून होतं, फी कमी. मी तेच केलं आणि उरणला क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे मालाची कस्टमची कागदपत्रं करून देणाऱ्याच्या, ऑफिसात लागलो. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून शिपिंग बिलात (निर्यातीसाठी कस्टमला द्यायच्या कागदात) वजन चुकलं आणि कंटेनर अडकला. बंदरात पडून राहिला की लागतो तो आकार डिमरेज, बाहेर आपल्या ताब्यात जास्त दिवस राहिला की लागतो तो डिटेन्शन, हा फरक त्या दिवशी कळला तो आजतागायत विसरलेलो नाही. कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे परवानाधारक क्लिअरिंग एजंट होण्याच्या, परीक्षेला साध्या पदवीधराला जी-कार्डावर (ब्रोकरच्या परीक्षा पास कर्मचाऱ्याला कस्टम देतं ते कार्ड) किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमबीए झालेल्याला ती अट नाही.

सुरुवातीच्या पगारात आमच्या ऑफिसात बीबीए आणि बी.कॉम.वाल्यात फारसा फरक नसतो. पुढे नियोजन किंवा खरेदीत वर चढताना मात्र एमबीए उपयोगी पडतं, तेही दोन-तीन वर्षं काम करून केलेलं.

कामाची कमी नाही. उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून चालू आहे, जयगडला बंदर आहे, पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली.

अप्रेंटिसशिपवालं बीबीए मिळालं आणि खर्च झेपला तर तेच घे, नाहीतर रत्नागिरीतच बी.कॉम. कर, असं माझं तिला सांगणं आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला उरणच्या एका यार्डात नेणार आहे. रात्रपाळीला रीफर (शीत) कंटेनरचं तापमान कसं तपासतात ते बघू दे, मग तिचं ती ठरवेल.