घरपोच कुटुंबनियोजन: उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताईंची सेवा कशी आहे?

निरोधचं (कंडोमचं) पाकीट किंवा माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी आशाताई घरी आणून देतात तेव्हा १ रुपया घेतात. उपकेंद्रात तेच फुकट मिळतं. ही घरपोच सोय २०११ पासून आहे आणि चांगली आहे. पण सेवेचा खरा कस लागतो तो वस्तू हातात पडल्यानंतर.

दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताईंची घरभेट ठरलेली असते. यातली ४२व्या दिवसाची भेट सर्वांत मोलाची. अंगावर पाजणाऱ्या बाईला अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सहा आठवड्यांनंतरच चालतं, म्हणजे निर्णय नेमका तेव्हाच व्हायला हवा. माला-एन मात्र पहिले सहा महिने नको, दूध कमी होऊ शकतं. छाया ही गर्भनिरोधक गोळी चालते, तिच्यात हार्मोन नाही.

छायाचं वेळापत्रक सांगण्यातच बरेचदा गडबड होते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. गोळी सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चांगल्या सिस्टर हे वार घरातल्या कॅलेंडरवर खुणा करून देतात. नुसती पट्टी देऊन निघणं म्हणजे अर्धं काम.

अंतराचा पहिला डोस डॉक्टरांच्या तपासणीनंतर, पुढचे दर तीन महिन्यांनी. तारखेच्या दोन आठवडे आधी ते चार आठवडे नंतरपर्यंत चालतं. सुईची जागा चोळायची नाही, औषध लवकर शोषलं जातं. बायका दुसऱ्या डोसला येत नाहीत, कारण अंगावरून थोडं थोडं रक्त जात राहतं किंवा पाळीच थांबते, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात, हेही सुई देण्याआधीच सांगायला हवं.

सासूबाईंसमोर हे बोलणं होत नाही. बाळाचं वजन करताना सुनेला दोन मिनिटं बाजूला घेणाऱ्या आशाताईंना आमचे पूर्ण गुण.

कॉपर-टी बसवलेल्या बाईकडे पुढच्या पाळीनंतर फेरी हवीच. ओटीपोटात जोराचं दुखणं, ताप, घाण वासाचा स्राव किंवा पाळी चुकणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी सिस्टरना फोन करावा.